लाइन मोकळी ठेवा

माझी आत्या लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांशी बोलायची. हीच तिची नोकरी. लिफ्ट दुरुस्त करायला मेकॅनिक असायचा. तो "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" म्हणायचा आणि अर्ध्या तासानं यायचा. मधली पंचवीस मिनिटं आत्याची. अशी पंचवीस-पंचवीस मिनिटं जोडत तिनं बावीस वर्षं काढली.

कंपनी लिफ्ट बसवायची आणि सांभाळायची. शहरभर सहाशे लिफ्ट होत्या. प्रत्येकीत एक पिवळं बटण, त्यावर घंटेचं चित्र. ते दाबलं की कंपनीच्या चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत फोन वाजायचा. त्या खोलीला कागदोपत्री काहीतरी भारदस्त नाव होतं, पण सगळे तिला बटणखोलीच म्हणायचे. आत्या चौथ्या मजल्यावर रोज जिन्यानं जायची, कारण कंपनीच्या इमारतीतली लिफ्ट नमुन्याची होती. ती गिऱ्हाइकांना दाखवायची, वापरायची नाही.

मी दहा वर्षांचा असल्यापासून आत्याकडे वाढलो. आईबाबांचं काय झालं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यात लिफ्ट नाही. आत्यानं लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "दिवसभर अडकलेल्यांशीच बोलते, स्वतः कशाला अडकू?" मला ती पेन्सिल म्हणायची, कारण तेव्हा मी तसा दिसायचो. आता सव्विसाव्या वर्षी मला पोट सुटलंय, तरी पेन्सिलच आहे.

मला त्याच कंपनीत चिकटवलं तेही आत्यानंच. माझं पद प्रक्रिया लेखक. म्हणजे लोक जे काम करतात ते पायऱ्यापायऱ्यांनी लिहून काढायचं, म्हणजे तेच काम दुसऱ्या कोणालाही करता येतं. कॅन्टीनचा चहा कसा करावा याच्या मी नऊ पायऱ्या लिहिल्या होत्या. त्यानंतर चहा बिघडला, पण रोज सारखाच बिघडला, आणि त्यालाच दर्जा म्हणतात.

आमच्या मोठ्या साहेबांना आम्ही बचतसाहेब म्हणायचो. एके सकाळी त्यांनी सगळ्यांना सभागृहात बसवलं आणि भिंतीवर दोन रकाने दाखवले. डावीकडे फायदे, उजवीकडे आव्हानं. बटणखोलीचं काम एका स्वस्त देशात पाठवायचं ठरलं होतं. देशाचं नाव त्यांनी सांगितलं होतं, पण ते म्हणताना त्यांची जीभ अडखळली, म्हणून पुढे ते "तिकडे" एवढंच म्हणत राहिले. एका आत्याच्या पगारात तिकडे चार मुली बसणार होत्या. त्या मुली आपली भाषा शिकल्या होत्या, तिकडे त्यासाठी म्हणे शाळाच होत्या. आव्हानांच्या रकान्यात तीन गोष्टी होत्या: इंटरनेट, उच्चार आणि घड्याळातला फरक. आत्या त्या रकान्यात नव्हती. ती तिसऱ्या रांगेत बसली होती, चष्मा पुसत.

"काम नीट लिहून काढायला हवं," बचतसाहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सभागृहातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त आत्या चष्मा पुसत होती.

घरी जाताना मी म्हणालो, "आत्या, मी नाही म्हणून सांगतो त्यांना."

"मग दुसरा कोणीतरी लिहील आणि चुका करील," ती म्हणाली. "तू लिही. निदान अक्षर चांगलं आहे तुझं."

"टाइप करतात आता, आत्या."

"मग तर काहीच भीती नाही."

आठ दिवस मी बटणखोलीत तिच्या शेजारी स्टुलावर बसलो. खोलीत एक टेबल, दोन फोन, शहराचा नकाशा आणि खिडकीत एक कुंडी. आत्या कानाला यंत्र लावून बसायची. दुसऱ्या दिवशी एका माणसाचा फोन आला. तो इतका ओरडत होता की यंत्राची गरजच नव्हती.

"ओरडा हो, ओरडा. मी इथेच आहे," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "झालं? बरं, हातात काय आहे तुमच्या?"

"काय?"

"हातात. काय धरलंय?"

"दुधाच्या पिशव्या."

"किती?"

"दोन."

"फुटल्यात का?"

"नाही."

"मग दुधानं धीर धरलाय, तुम्हीपण धरा. चहा कोण करणार आहे, तुम्ही की बायको?"

वीस मिनिटांनी दार उघडलं तेव्हा तो माणूस आत्याला आपल्या सासऱ्याची तक्रार सांगत होता आणि ती अर्धवट राहिली म्हणून मेकॅनिकवर चिडला.

"घाबरला की माणूस स्वतःच्या हातात काय आहे ते विसरतो," आत्यानं मला सांगितलं. "त्याला हाताकडे बघायला लावायचं. हाताकडे बघितलं की तो दाराकडे बघत नाही. लिही."

"हे तू शोधून काढलंस?"

"छे. स्टूलकाकांनी शिकवलं."

स्टूलकाका म्हणजे जुना लिफ्टमन. पूर्वी प्रत्येक मोठ्या इमारतीत एक लिफ्टमन स्टुलावर बसून लिफ्ट चालवायचा. पिवळी बटणं आली तेव्हा अशा चाळीस माणसांची नोकरी गेली आणि त्यांच्या जागी बटणखोलीत आत्या बसली. एकटी. मी बसलो होतो ते स्टूल त्यांचंच होतं. तीन पायांचं, बसून बसून मधे खोलगट झालेलं.

मी चौदा पायऱ्यांची पुस्तिका लिहिली. अभिवादन. लिफ्टचा क्रमांक. प्रवाशांची संख्या. कोणी आजारी आहे का. मेकॅनिकला कळवणे. दीर्घ श्वास घेण्यास सांगणे. अशा करत चौदावी: "आपण सुरक्षितपणे बाहेर पडलात का? कृपया हो किंवा नाही म्हणा." हो म्हटलं की कॉल बंद. हे वाक्य मी अर्धा तास घासून लिहिलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

हाताचा प्रश्न त्यात नव्हता. बचतसाहेबांनी तो खोडला असं मी आत्याला सांगितलं. ते खोटं होतं. तो साहेबांपर्यंत गेलाच नाही. सरासरी कॉल चार मिनिटांत बसवायचा होता. मुलीनं पायऱ्या वाचायच्या आणि मेकॅनिक येईपर्यंत प्रवाशाला संगीत ऐकवायचं, ती मिनिटं मोजायची नाहीत, असं ठरलं होतं. हाताचा प्रश्न घातला की लोक सासऱ्यापर्यंत जात होते. म्हणून मीच तो काढला.

"बरं," आत्या म्हणाली. "साहेबांना काय ठाऊक."

मग सहा आठवडे शिकवणी. पडद्यावर तिकडची एक मुलगी दिसायची. मागे पिवळी भिंत, कानाला यंत्र, केस घट्ट बांधलेले. तिनं शिकायचं आणि बाकीच्या तिघींना शिकवायचं. ती आपली भाषा अशी बोलायची की एकाही शब्दाला सुरकुती नाही. आत्यानं पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं इस्त्री.

"नमस्कार महोदया," इस्त्री म्हणाली. "मी आपली काय सहायता करू शकते?"

"अगं बाई, महोदया म्हणालीस तर अडकलेला माणूस अजून अडकेल," आत्या म्हणाली. "ताई म्हण. दादा म्हण. वय कळलं नाही तर नुसतं 'अहो' म्हण."

"अहो," इस्त्री म्हणाली, अगदी गंभीरपणे.

"हां. आता जरा काळजीनं."

"अहो!"

"ही तर रागावलेली बायको झाली. पण असू दे, त्यानंही माणूस शांत बसतो."

दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट उघडकीला आली. आत्या तिला सांगत होती की लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली की पोटात गोळा येतो. इस्त्री लिहून घेत होती. मग तिनं विचारलं, "ताई, पोटात गोळा चालू असतानाही येतो, की थांबल्यावरच?"

"म्हणजे? तू लिफ्टमध्ये बसली आहेस ना?"

इस्त्री लाजली. तिच्या गावात दोन मजल्यांपेक्षा उंच घर नव्हतं. जिथे ती कामाला यायची ती इमारतही बैठी होती. चौघींपैकी एकीनंही लिफ्ट पाहिली नव्हती. मुलाखतीत कोणी विचारलं नव्हतं. ही पायरी कोणीच लिहिली नव्हती, आणि लिहिणारा मीच होतो.

आत्या हसली नाही. "घरी कपाट आहे?"

"आहे."

"त्यात उभी राहा. दार लावून घे. दहा मिनिटं. काय वाटतं ते मला सांग."

दुसऱ्या दिवशी इस्त्री पडद्यावर आली ती वेगळीच दिसत होती. "ताई, मी आधी स्वतःलाच समजावलं की बाहेर सगळे आहेत. मग वाटलं, समजा सगळे निघून गेले तर? मग मी भावाला हाका मारल्या. तो म्हणाला, कपाट बोलतंय."

"मग?"

"मग मी हातात काय आहे ते पाहिलं. तुम्ही सांगितलं होतं तसं. हँगर होता."

म्हणजे हाताचं आत्यानं तिला आधीच शिकवलं होतं. पुस्तिकेच्या बाहेर.

हळूहळू दोघींचं भलतंच जमलं. इस्त्री दोन बस बदलून कामाला यायची. या नोकरीमुळे तिनं पहिल्यांदाच स्वतःचं दार असलेली खोली घेतली होती, धाकट्या भावाला पुन्हा शाळेत घातलं होतं. आत्या तिला कोणती लिफ्ट पावसाळी हवेत तिसऱ्या मजल्यावर रुसते, कोणत्या इमारतीचा रखवालदार बहिरा आहे, एकाच नावाचे दोन रस्ते कुठे आहेत, हे सगळं सांगायची. इस्त्रीनं शहर कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा नकाशा भिंतीवर लावून तिनं रुसणाऱ्या लिफ्टवर लाल टिकल्या चिकटवल्या होत्या.

"राग नाही येत तिचा?" मी एकदा आत्याला विचारलं.

"तिचा कशाला? मी चाळीस जणांची स्टुलं घेतली. तिनं एकटीचं एक टेबल घेतलं. कमीच झालं हे."

निरोपाला कंपनीनं आत्याला लिफ्टच्या आकाराचं घड्याळ दिलं. त्यात बारा तासांऐवजी बारा मजले होते. आत्यानं स्टूल मागून घेतलं. तीन पायांचं स्टूल सामानाच्या यादीत कुठेच नसल्यामुळे ते द्यायला कोणाची हरकत नव्हती.

पहिले काही दिवस ती ठीक होती. चौथा मजला झाला की चहा करायची, नववा मजला झाला की झोपायची. मग मला जाणवलं की घरात कोणी बोलत नाही. बावीस वर्षं ती दिवसभर अनोळखी लोकांशी बोलून यायची आणि घरी मला ते सांगायची. आता सांगायला काही नव्हतं. मी ऑफिसातलं काही सांगू लागलो की ती विचारायची, "इस्त्री कशी आहे?" मी म्हणायचो, "आकडे चांगले आहेत." आणि ती म्हणायची, "मी आकडे नाही विचारले."

मला बढती मिळाली होती. आता मी तिकडच्या चौघींचे आकडे बघायचो. दोन महिने सगळं सुरळीत होतं. एक माणूस चाळीस मिनिटं संगीत ऐकत अडकला आणि बाहेर आल्यावर जिन्यात बसून रडला, पण मोजलेला कॉल तीनच मिनिटांचा होता, त्यामुळे आकड्यात तो आनंदी होता.

तिसऱ्या महिन्यात "अकारण कॉल" नावाचा रकाना फुगायला लागला. लिफ्ट बिघडलेली नाही आणि तरी कोणीतरी बटण दाबतंय. रोज दुपारी तीन ते चार. अकरा इमारती. आधी आठ-आठ सेकंदांचे तीन-चार कॉल, "चुकून दाबलं हो" एवढंच. आणि मग एक लांबलचक कॉल, अकरा मिनिटं, तेरा मिनिटं. लांबलचक कॉल दर वेळी एकाच मुलीला. तीन नंबर. इस्त्री.

मी रेकॉर्डिंग लावलं.

"मी प्लंबर बोलतोय," एक जाड आवाज म्हणाला. "अडकलोय."

मी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मग परत घातलं. आवाज जाड होता, पण आत्याचा होता. सर्दी झालेल्या आत्याचा.

"अहो प्लंबरकाका," इस्त्री म्हणाली, "घाबरू नका. हातात काय आहे?"

"पाना."

"आणि दुसऱ्या हातात?"

"भोपळा."

"पान्याबरोबर भोपळा?"

"गळती फार आहे," प्लंबर म्हणाला.

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज. मग प्लंबरनं आठ मिनिटं आपल्या गुडघ्यांबद्दल सांगितलं आणि विचारलं, भाऊ शाळेत जातो का? इस्त्रीनं प्लंबरला सांगितलं की जातो, पण गणितात रडतो. प्लंबर म्हणाला, गणितात सगळेच रडतात, त्याला जवळ घे.

पुढच्या कॉलमध्ये आत्या गरोदर बाई होती. त्याच्या पुढच्यात निवृत्त न्यायाधीश. न्यायाधीशांच्या हातात लोकरीचा गुंडा होता. एकदाही तिनं "मी आत्या" असं म्हटलं नाही आणि एकदाही इस्त्रीनं "ताई" म्हटलं नाही. दोघींना माहीत होतं की कॉल रेकॉर्ड होतात. ती पायरीही मीच लिहिली होती.

मी तिथे बसून एकोणीस कॉल ऐकले. हसत होतो, आणि शेजारच्यानं रुमाल पुढे केला तेव्हा कळलं की नुसतं हसत नव्हतो.

बुधवारी बचतसाहेबांनी बोलावलं. "तीन नंबरची सरासरी सहा मिनिटांवर गेली. सलग तीन आठवडे चारच्या वर गेली की बदलायची. करारात आहे. हा तिसरा आठवडा." मग खांदे उडवून, "तिकडे रांग मोठी आहे."

"अकारण कॉल आहेत, सर. तिची चूक नाही."

"मग कोण करतंय ते शोध. शुक्रवारी सगळे रेकॉर्डिंग ऐकू. कोणी मुद्दाम करत असेल तर पोलिसांत देऊ, आणि ही मुलगी त्याला साथ देत असेल तर हिला काढू."

मी टेबलाशी आलो. कारणाच्या रकान्यात लिहिलं: "बटण अडकणे. दुरुस्ती सुरू." सोळा वर्षं पेन्सिल म्हणवून घेऊन पहिल्यांदा मी काहीतरी खोडण्यासारखं लिहिलं होतं. अकरा इमारतींतली बटणं एकाच तासात कशी अडकतात हे कोणी विचारणार नव्हतं, कारण रकाना भरलेला होता. फक्त बटणं आता खरोखर सुटायला हवी होती. शुक्रवारच्या आत.

घरी आत्या भोपळा चिरत होती.

"हाच का तो?" मी विचारलं.

सुरी थांबली. "कोणता?"

"पान्याबरोबरचा."

तिनं चिरलेली फोड ताटात ठेवली आणि म्हणाली, "प्लंबर ओळखू आला?"

"आत्या, प्लंबर कोणाला 'बाळ, जेवलीस का' विचारतो?"

"चांगला प्लंबर विचारतो."

मग मी तिला सगळं सांगितलं. सरासरी. रांग. शुक्रवार. बोलणं हा जिचा धंदा होता ती बाई गप्प बसली की घर केवढं मोठं वाटतं.

"म्हणजे माझ्यामुळे तिची जाणार," शेवटी ती म्हणाली.

"थांबलीस तर नाही जाणार. लगेच थांबलीस तर."

आत्या उठली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली. "स्टूलकाका मला रोज फोन करायचे, माहितीये? नोकरी गेल्यावर. सुरुवातीचे चार-पाच महिने. त्यांच्या जुन्या इमारतीत जायचे, लिफ्टमध्ये शिरायचे आणि बटण दाबायचे. 'पोरी, अडकलोय.' मी विचारायची, काका, हातात काय? ते म्हणायचे, आज वर्तमानपत्र आहे. आज छत्री आहे. आज काही नाही गं, नुसतेच हात आहेत. मला वाटायचं, म्हातारा माणूस, करमत नाही, वेळ घालवतोय."

"मग?"

"मग वरचे साहेब ओरडले, की खऱ्या माणसाचा फोन आला आणि तू गप्पा मारत असलीस तर? मी काकांना म्हटलं, 'काका, लाइन मोकळी ठेवा.' एवढंच. चांगल्या शब्दांत म्हटलं हं. ते 'बरं पोरी' म्हणाले. दुसऱ्या दिवशी हे स्टूल खाली रखवालदाराकडे ठेवून गेले, माझ्यासाठी."

"आणि मग?"

"मग काय. लाइन मोकळी राहिली."

तिनं पदराला हात पुसले. "मला एकदा तिच्याशी बोलू दे. एकदाच. न सांगता गायब झाले तर ती रोज वाट बघेल. मी काकांची बघितली होती."

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली. दातांच्या डॉक्टरच्या इमारतीत मागच्या बाजूला एक लिफ्ट आहे, आरसा असलेली, दुपारी रिकामी. आम्ही दोघं आत शिरलो, वर निघालो आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे मी ती थांबवली. आत्यानं आरशात बघून केस नीट केले. फोनवर दिसत नाही हे बावीस वर्षं माहीत असलेल्या बाईनं.

"चार मिनिटं," मी म्हणालो. "त्याच्या आत हवं. नाहीतर सरासरी..."

"ठाऊक आहे."

तिनं बटण दाबलं. नशिबानं पहिल्याच झटक्यात.

"नमस्कार, मी आपली काय सहायता करू शकते?" इस्त्री म्हणाली. इतक्या दिवसांनी पुन्हा तेच कडक कापड. तिला बहुतेक ताकीद मिळाली होती.

आत्यानं आवाज जाड केला नाही. "अहो, इथलं बटण अडकत होतं," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली. "सारखं दाबलं जायचं. उगाच तुम्हाला त्रास. दुरुस्त करायला माणूस आलाय. शेजारीच उभा आहे. आता नाही अडकणार."

इस्त्रीनं विचारलं, "कधीच नाही?"

"नाही."

"मला त्रास नव्हता," इस्त्री हळूच म्हणाली.

"मला ठाऊक आहे गं. पण लाइन..." आत्या थांबली. ते वाक्य तिच्या तोंडापर्यंत आलं होतं, मला दिसलं. तिनं ते गिळलं. "पण खरंच अडकलेले लोक असतात. त्यांना तुझा वेळ दे. आणि मधली पंचवीस मिनिटं संगीत नको लावूस, जमेल तेव्हा."

"हो."

"गणितवाला काय म्हणतो?"

"पास झाला."

"बघ."

मी घड्याळ पुढे केलं. तीन मिनिटं दहा सेकंद. आत्यानं माझा हात बाजूला सारला.

"अहो," इस्त्री म्हणाली. रागावलेल्या बायकोसारखं नाही. पहिल्या आठवड्यात आत्याला हवं होतं अगदी तसं. "हातात काय आहे तुमच्या?"

आत्यानं खाली पाहिलं. आज तिनं काहीच आणलं नव्हतं. रोज काहीतरी घेऊन निघायची, भोपळा, लोकर, छत्री, नाहीतर मग उत्तर काय देणार? आज विसरली होती, किंवा विसरली नव्हती.

"काही नाही गं," ती म्हणाली. "नुसतेच हात आहेत."

तीन मिनिटं चाळीस. पलीकडे श्वास ऐकू येत होता. तिथे संध्याकाळ झाली असणार, दोन बस बदलून स्वतःच्या दाराच्या खोलीकडे जायची वेळ. मग इस्त्रीनं माझं वाक्य वाचलं. अर्धा तास घासलेलं, गुळगुळीत.

"आपण सुरक्षितपणे बाहेर पडलात का? कृपया हो किंवा नाही म्हणा."

आत्या बंद दाराकडे बघत होती. मी तिला ज्या गोष्टीपासून लोकांचे डोळे हटवताना आठ दिवस पाहिलं होतं, तिकडेच.

"हो," ती म्हणाली.

कॉल बंद झाला. तीन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. पद्धतीप्रमाणे.

आम्ही तसेच उभे राहिलो. खालून कोणीतरी दार बडवायला लागलं, "अहो, लिफ्ट सोडा की, दात दुखतोय!" तेव्हा कुठे मी मजल्याचं बटण दाबलं.

शुक्रवारी रेकॉर्डिंग ऐकायची वेळच आली नाही. बचतसाहेबांनी आदल्या दिवशीचा आकडा पाहिला, "बटण सुटलं वाटतं," म्हणाले, अडकलेल्या बटणाचे कॉल सरासरीतून वगळायला लावले आणि मला शाबासकी दिली. इस्त्रीची नोकरी राहिली. मी त्या भरात पुस्तिकेत पंधरावी पायरी घातली: प्रवाशाच्या हातात काय आहे ते विचारणे. साहेबांनी विचारलं, कशासाठी? मी म्हणालो, वजनमर्यादेसाठी. त्यांनी सही केली. आता तिकडच्या चारही मुली सहाशे लिफ्टमधल्या प्रत्येकाला विचारतात, आपल्या हातात काय आहे, आणि उत्तर किलोमध्ये लिहून घेतात.

मी धावत घरी जाऊन आत्याला हे सांगितलं. मला वाटलं, ती खूश होईल.

"बरं केलंस," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पण आता तो प्रश्न नाही राहिला रे. पायरी झाली."

आत्या आता लिफ्टनं जात नाही. कुठेच. "बोटं शिवशिवतात," म्हणते. आमचं घर पाचव्या मजल्यावर आहे. स्टूलकाकांचं स्टूल तिनं तिसऱ्या मजल्याच्या वळणावर नेऊन ठेवलंय आणि बाजारातून येताना तिथे दम खायला बसते. लिफ्ट तिच्या शेजारून वरखाली जात असते, आत लोक असतात, कोणी अडकत नाही.

परवा मी जिन्यानं आलो तर ती तिथेच बसली होती, पिशवी पायाशी, हात मांडीवर. मी कठड्याला टेकून शेजारी उभा राहिलो. मला विचारायचं होतं, हातात काय आहे. तोंडापर्यंत आलं होतं. पण ती म्हणाली, "बोलू नकोस, पेन्सिल, दम लागलाय," आणि आम्ही दोघं तसेच थांबून राहिलो, मेकॅनिक येणार असल्यासारखे.